रिकामा रकाना आणि सीब्रुकचे विहार




एप्रिल महिना आला की आपल्या घराघरांत एकच धावपळ सुरू होते. हॉल मिळाला का, जेवणाचे काय, मुलांचे नाटुकले बसले का, 14 तारीख कामाच्या दिवशी येते तर जयंती कोणत्या शनिवारी करायची. या धावपळीतच एक विनंती करायची आहे. जयंतीच्या आधी किंवा नंतर एक दिवस काढा आणि मुलांना घेऊन एखाद्या जुन्या जपानी-अमेरिकन बौद्ध विहाराला भेट द्या. मोठ्या शहरातल्या नको, शेतमळ्यांच्या मुलखातल्या विहाराला द्या. त्यासाठी जपानचे तिकीट काढावे लागत नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना फ्रेझ्नो, वॉट्सनव्हिल, फ्लोरिन जवळ आहेत. आणि न्यू जर्सी, फिलाडेल्फिया परिसरातल्या आपल्या बांधवांपैकी बहुतेकांना ठाऊकही नसेल की एडिसनहून गाडीने साधारण दोन तासांवर, दक्षिण जर्सीच्या भाजीपाल्याच्या शेतांमध्ये, कंबरलँड काउंटीत, असे एक विहार आहे. त्याचे नाव सीब्रुक बुद्धिस्ट टेंपल. स्थापना 1945.

चित्रातला लाल पूल आणि वर वळलेले छप्पर शोधायला जाऊ नका. हे विहार पाहायचे ते कोणी बांधले आणि कोणत्या परिस्थितीत बांधले यासाठी.

1942 सालच्या 19 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश 9066 वर सही केली. त्या एका सहीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक माणसांना घर, शेत, दुकान सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांच्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. एका माणसाला जेवढे उचलता येईल तेवढेच सामान न्यायचे, असा हुकूम होता. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवरचे तबेले, मग वाळवंटात आणि माळरानावर उभारलेल्या दहा छावण्या. भोवती काटेरी तारा, वर पहाऱ्याचे मनोरे.

दोन वर्षांनी सीब्रुक फार्म्स या भाजीपाला गोठवून विकणाऱ्या मोठ्या कंपनीला मजूर हवे होते. सरकारलाही छावण्या हळूहळू रिकाम्या करायच्या होत्या. 1944 पासून छावण्यांतली कुटुंबे जर्सीला येऊ लागली आणि पुढच्या काही वर्षांत ही संख्या अडीच हजारांच्या घरात गेली. हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या, राहायला कंपनीच्या चाळी. कोणाची कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीची शेती होती, कोणाचे दुकान होते. ती माणसे आता पट्ट्यावरचा पालक आणि वाटाणा निवडत उभी राहिली. युद्ध संपायचे होते किंवा नुकतेच संपले होते, उद्या कुठे राहणार याचा भरवसा नव्हता. अशा वेळी त्यांनी विहार स्थापन केले. स्वतःचे घर नव्हते, तरी.

आपण इथे दहा-पंधरा वर्षे राहतो. घर होते, दुसरी गाडी होते, मुलांच्या कॉलेजचा निधी साठतो. विहाराचा विषय निघाला की मात्र आपण म्हणतो, अजून आपली संख्या कमी आहे. असो. ते आज बाजूला ठेवू, कारण आज बोलायचे आहे ते संख्येपेक्षा अवघड गोष्टीवर.

पर्ल हार्बरवर 7 डिसेंबर 1941 ला हल्ला झाला, त्याच दिवशी बौद्ध धर्मगुरूंची धरपकड सुरू झाली. त्यांची नावे आधीच याद्यांमध्ये होती. गुन्हा काहीच नव्हता. जपानी वंशाचा माणूस ख्रिस्ती असेल तर तो थोडा तरी ‘आपला’, आणि बौद्ध असेल तर जास्त संशयास्पद, असा सरकारी हिशेब होता. ही बातमी शेतमळ्यांत पोहोचली आणि घराघरांत एक भीषण काम सुरू झाले. लोकांनी आपली सूत्रे, धर्मगुरूंची पत्रे, पूर्वजांची छायाचित्रे चुलीत घातली. काहींनी घरातली वेदी फोडून जाळली. काहींनी पेटीत बांधून अंगणात पुरली. विचार करा, रात्रीची वेळ आहे, मुले झोपली आहेत, आणि आई ज्या मूर्तीसमोर रोज सकाळी भाताचा पहिला घास ठेवत होती तीच मूर्ती आता सरपणात आहे.

त्या आईला दोष द्यायचा का? मी देणार नाही. लहान मुले पदरात असताना दारात पोलीस उभे राहण्याची भीती ज्याने अनुभवली नाही त्याने तिचा न्याय करू नये.

पण ही गोष्ट वाचली की मला आपल्या घरांच्या भिंती आठवतात. आपल्यातल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती आहे. ती कुठे आहे ते पाहा. बैठकीच्या खोलीत आहे की वरच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीत? ऑफिसातली भारतीय मंडळी जेवायला येणार असली की फोटो हलतो का? मूर्ती राहते, कारण बुद्धाची मूर्ती इथे प्रत्येक दुकानात सजावटीला मिळते, तिच्यावरून कोणी काही ओळखत नाही. फोटो मात्र उतरतो. निळ्या कोटातला माणूस सगळे सांगून टाकतो. आडनाव विचारले की आपण गाव सांगतो. गाव विचारले की जिल्हा सांगतो. ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ या प्रश्नाआधीच आपण हवामानावर बोलू लागतो.

इथे कोणी पोलीस दाराशी येणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. भीती दुसरी आहे. बढती, मैत्री, मुलांचे वाढदिवस, एका क्षणात थंड होणारे चेहरे. ही भीती खोटी नाही. 2023 च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, ती काही हौसेने घातली नाही. लोकांनी उभे राहून आपापले अनुभव सांगितले तेव्हा घातली. म्हणून लपवणाऱ्याला मी भेकड म्हणत नाही. मी फक्त विचारतो आहे, की तबेल्यात ठेवलेल्या माणसांनी पुढे काय केले ते पाहायला चला.

त्यांनी पुन्हा वेद्या बांधल्या. छावणीत लाकूड मिळत नव्हते, तर बराकी बांधताना उरलेल्या फळकुटांच्या बांधल्या. जपानी परंपरेत तथागतांचा जन्मदिवस 8 एप्रिलला, फुलांचा सण म्हणून साजरा होतो; बाळ सिद्धार्थाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. कैदेत पडलेल्या धर्मगुरूंकडे मूर्ती नव्हती. तेव्हा स्वयंपाकघरातले एक गाजर घेऊन त्यातून बुद्ध कोरला गेला. गाजराचा बुद्ध! चार दिवसांत सुकून जाणारा. आपल्या जयंतीच्या सहा दिवस आधी हा सण येतो, हे लक्षात ठेवा आणि मुलांना ही गोष्ट अवश्य सांगा. त्यांना ती आवडेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. याच छावण्यांतून हजारो तरुण अमेरिकेच्या सैन्यात गेले, 442 व्या रेजिमेंटमधून युरोपात लढले, मेले. आईवडील तारेच्या आत, मुलगा इटलीच्या डोंगरात. सैनिकाच्या गळ्यात ओळखीच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. त्यांवर नाव, क्रमांक, रक्तगट आणि धर्माचे एक अक्षर. प्रॉटेस्टंटाला ‘पी’, कॅथलिकाला ‘सी’, ज्यूला ‘एच’. बौद्धासाठी अक्षरच नव्हते. मेल्यावर शेवटचा विधी कोणत्या पद्धतीने करायचा हे सांगणारी ती जागा त्याच्यासाठी तयारच केलेली नव्हती. युद्धानंतर बौद्ध तरुण-तरुणींच्या संघटनांनी मोहीम चालवली, पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या: आम्हाला ‘बी’ हे अक्षर द्या, आणि आमच्या सैनिकांच्या थडग्यावर धम्मचक्र द्या. ते त्यांनी मिळवले. सैन्यातला बौद्ध धर्मगुरू मात्र फार उशिरा आला. अमेरिकी नौदलात जीनेट शिन यांची नेमणूक झाली ती 2004 साली.

हे वाचताना आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना दुसराच एक कागद आठवला असेल. शाळेच्या अर्जातला धर्माचा रकाना. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी भर मैदानात, लाखोंच्या साक्षीने दीक्षा घेतली आणि दिली. तिथे लपवण्यासारखे काही ठेवलेच नाही. पुढच्या जनगणनेत काय झाले ते आकडे सांगतात. 1951 साली भारतात बौद्ध होते सुमारे 1 लाख 80 हजार. 1961 साली साडेबत्तीस लाख, आणि त्यांतले जवळपास 28 लाख एकट्या महाराष्ट्रात. गरीब, भूमिहीन, अंगठा उठवणाऱ्या माणसांनी जनगणना करायला आलेल्या गुरुजींना सांगितले, लिहा, बौद्ध.

त्याची किंमत होती. अनुसूचित जातींची यादी 1950 च्या आदेशाप्रमाणे फक्त हिंदूंपुरती होती. 1956 साली तीत शीख आले. ‘बौद्ध’ लिहिले की केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने 1960 साली आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्रात हा न्याय मिळायला 1990 उजाडले. मधली तीस-चौतीस वर्षे घराघरांत हा वाद झाला. मुलाला केंद्राची शिष्यवृत्ती, रेल्वेतली नोकरी, पोस्टातली नोकरी हवी असेल तर दाखल्यावर काय लिहायचे? एका भावाने ‘बौद्ध’ लिहिले आणि संधी सोडली, दुसऱ्याने ‘हिंदू महार’ लिहिले आणि नोकरीच्या पगारातून गावातले विहार बांधले. दोघेही 14 ऑक्टोबरला एकाच ट्रकमधून दीक्षाभूमीला गेले. यांतला कोण खरा बौद्ध, असले खटले आपण चालवू नयेत. जाळणाऱ्या आईला जी करुणा दाखवली तीच इथे दाखवावी लागेल.

प्रश्न पुढचा आहे. 1990 नंतर रकाना मोकळा झाला. अमेरिकेत तर जनगणना धर्म विचारतच नाही. रकाना रिकामा आहे आणि तो भरायला कोणी अडवत नाही. तरीही आपला हात थांबतो, हे मला सीब्रुकच्या वेदीसमोर उभे राहून विचार करण्यासारखे वाटते. तथागतांनी धम्माचे वर्णन ‘एहि पस्सिको’ असे केले आहे. ये आणि पाहा. झोपण्याच्या खोलीत ठेवलेल्या गोष्टीला ‘ये आणि पाहा’ कसे म्हणायचे?

याच 19 फेब्रुवारीची आणखी एक आठवण आहे, आणि ती आपल्या देशाची आहे. 1923 साली बरोबर याच तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. त्या काळी इथे नागरिक व्हायला गोरे असावे लागे. थिंद यांच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादात एक मुद्दा असा होता की उच्चवर्णीय हिंदू हा आर्य वंशाचा, आणि तो खालच्या लोकांशी लग्नसंबंध टाळतो तसाच गोरा अमेरिकनही टाळतो, म्हणून आम्ही एकच. जात हीच पात्रता म्हणून पुढे केली गेली! खटला हरला. जातीच्या शिडीने वर चढायला गेलेल्याला न्यायालयाने खालच्याच पायरीवर बसवले. आधीच्याच वर्षी ताकाओ ओझावा या जपानी माणसाचाही अर्ज असाच फेटाळला गेला होता. त्यामुळे कॅलिफोर्नियात विहारे बांधणाऱ्या पहिल्या पिढीला नागरिकत्व नव्हते, आणि 1913 च्या कायद्याने शेतजमीनही विकत घेता येत नव्हती. त्याच 1913 च्या जुलैत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. या देशाच्या एका टोकाला एक अस्पृश्य विद्यार्थी पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होता, दुसऱ्या टोकाला बौद्ध शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली जात होती. जपानी मंडळींना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो 1952 च्या कायद्याने.

विहारात गेल्यावर तुम्हाला काही गोष्टी खटकतील. बाके चर्चसारखी असतील. रविवारी प्रार्थना, गाणी, प्रवचन, मग चहा-कॉफी. मुले विचारतील, हे चर्च आहे का? त्यांच्या मध्यवर्ती संस्थेचे नावच ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ आहे, आणि ते नाव 1944 साली युटामधल्या टोपाझ छावणीत घेतले गेले. शब्द मलाही रुचत नाही. पुढे त्यांच्यातल्याच अनेकांनी ‘चर्च’ काढून ‘टेंपल’ लिहिले. पण पाहा, संकटात त्यांनी बाके बदलली, भाषा बदलली, ‘चर्च’ हा शब्द घेतला. ‘बुद्धिस्ट’ हा शब्द तेवढा सोडला नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. समोर अमिदा बुद्ध असतील, शाक्यमुनी नव्हे. ही जोदो शिन्शू परंपरा, तेराव्या शतकातल्या शिनरान यांची. अमिदांच्या करुणेवर विसंबून नाम घ्यायचे, अशी त्यांची श्रद्धा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून वाढलेल्या आपल्याला हे पटणार नाही आणि पटवून घेण्याची गरजही नाही. वंदन करताना बावीस प्रतिज्ञा कुठे मोडत तर नाही ना, अशी शंका मला एका तरुण उपासकाने विचारली होती. आदराने हात जोडणे आणि वरदान मागणे यांत फरक आहे, एवढेच मी त्याला सांगितले. आणि शिनरान कोण होते तेही सांगितले. ज्यांना सत्तेने हद्दपार केले, ज्यांनी शिकारी, कोळी, कष्टकरी यांना तुच्छ लेखणारा धर्म नाकारला, असे ते गृहस्थाश्रमी गुरू होते.

म्हणून जपानमधले बहिष्कृत लोक, ज्यांना आज बुराकू म्हणतात, ते मोठ्या संख्येने याच पंथात आले. पण इथे डोळे उघडे ठेवा. पुढे याच पंथात त्यांची विहारे वेगळी ठेवली गेली, आणि जपानमधल्या बौद्ध पंथांत त्यांच्या मृतांना हीन अर्थाची नावे देण्यापर्यंत मजल गेली. बुद्धाच्या वेदीखालीही जात लपून बसते. तिच्याविरुद्ध 3 मार्च 1922 ला क्योटोत सुइहेइशा ही संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांतले साइको मानकिची हे बुराकू वस्तीतल्या याच पंथाच्या एका विहारात जन्मलेले होते. त्यांच्या संघटनेने होंगवानजीच्या पीठांना बजावले की आमचा पैसा आता मिळणार नाही. महाडच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. जन्माने बहिष्कृत, धर्माने बौद्ध, आणि आपल्याच धर्मपीठाला जाब विचारणारी ही माणसे आपल्याला परकी कशी वाटतील?

ज्यांना पश्चिमेकडे जमेल त्यांच्यासाठी आणखी एक ठिकाण. लॉस एंजेलिसहून साधारण चार तासांवर, सिएरा पर्वताच्या पायथ्याशी, 395 क्रमांकाच्या महामार्गालगत मान्झानार आहे. दहा छावण्यांपैकी एक. दहा हजार माणसे तिथे ठेवली होती. स्मशानात एक पांढरा स्तंभ आहे, 1943 च्या ऑगस्टमधला. रिओझो कादो या कॅथलिक गवंड्याने तो बांधला, बौद्ध तरुण मंडळाने हात लावला, आणि त्यावरची अक्षरे शिंजो नागातोमी या बौद्ध धर्मगुरूंची. अर्थ असा की गेलेल्यांच्या आत्म्यांना दिलासा देणारा स्तंभ. आपण आत्मा मानत नाही. पण दिलासा मानतो. 1969 पासून लोक दर वर्षी तिथे जमतात, आता एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, तिथे बंद केलेल्यांची मुले, नातवंडे, आता पतवंडेही.

एक स्तंभ, वर्षातला एक ठरलेला दिवस, दुरून येणारी कुटुंबे. भीमा कोरेगाव वेगळे काय आहे? त्या जयस्तंभावर ‘नाक’ या शेवटाची नावे कोरलेली आहेत म्हणूनच आपण ती वाचू शकलो, आणि 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले. नाव दगडावर राहिले तर शंभर वर्षांनीही कोणीतरी येऊन वाचते. जपानी-अमेरिकनांनी अलीकडे तेच केले. सोतो झेन परंपरेचे धर्मगुरू आणि प्राध्यापक डंकन र्युकेन विल्यम्स यांच्या पुढाकाराने छावण्यांतल्या प्रत्येक माणसाचे नाव गोळा करून एक ग्रंथ केला. 2022 साली तो लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन संग्रहालयात ठेवला तेव्हा त्यात 1,25,284 नावे होती. लोक रांगेत उभे राहून आपल्या आजीच्या, आजोबांच्या नावाशेजारी निळा ठिपका उमटवत.

थोडे व्यवहाराचे. बे एरियातून मान्झानारला निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की एप्रिलमध्ये टायोगाचा घाट बहुधा बर्फाने बंद असतो, मोठा वळसा पडतो. सीब्रुकला जाण्याआधी फोन करा, रविवारी सकाळी गेलात तर उत्तम. एप्रिलमध्ये जमले नाही तर जुलैत त्यांचा ओबोन असतो, पूर्वजांच्या स्मरणाचा सण. ढोल वाजतात, सगळे गोल धरून नाचतात, पाहुण्यालाही हात धरून ओढतात. गावातल्या नगरपालिकेच्या इमारतीत सीब्रुकच्या मजुरांचे छोटे संग्रहालय आहे, तेही पाहा. रिकाम्या हाताने जाऊ नका, दानपेटीत काही टाका. या जुन्या विहारांतली मंडळी आता वयाने मोठी होत चालली आहेत, मुले शहरांत गेली आहेत, आणि एखादे नवे कुटुंब दारात दिसले तर त्यांना होणारा आनंद चेहऱ्यावर दिसतो. वेदीसमोर धुपाची एक चिमूट कशी वाहायची ते तुमच्या मुलांना कोणीतरी आजीबाई दाखवतील.

मग त्या विचारतील, तुम्ही कुठले, बौद्ध कसे झालात? तेव्हा हवामानावर बोलू नका. आडनावासकट पूर्ण नाव सांगा, आणि बाबासाहेबांचा फोटो बरोबर नेला असेल तर तो त्यांना दाखवा.

जय भीम. नमो बुद्धाय.